शेवटच्या शब्दाआधीचा श्वास

रविवारी संध्याकाळी पाच वाजले की इचलकरंजीतल्या एका बेकरीच्या माडीवर कोर्ट भरायचं. धनश्री म्हेत्रे आणि सोहेल मोमीन यांच्या ऑनलाइन कार्यक्रमाचं नावच होतं 'कोपऱ्यावरचं कोर्ट'. हिप-हॉपच्या दुनियेत त्या आठवड्यात कुणी कुणाला गाण्यातून शिव्या घातल्या, कुणी कुणाची बीट ढापली, कुठल्या कंपनीनं कुणाचा करार मोडला, यावर ही दोघं तासभर तावातावानं भांडायची आणि महाराष्ट्रभरची पोरं ते भांडण थेट कानात घालून ऐकायची. धनश्री एरवी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. सोहेलचं कापडाचं दुकान होतं, आणि तरुणपणी रॅपच्या समोरासमोरच्या झुंजींत त्यानं भल्याभल्यांची बोलती बंद केली होती. दोघं एकाच गल्लीत वाढलेली. बारा वर्षं कार्यक्रम चालला तो या भांडकुदळ मैत्रीच्या जिवावर.

कोर्टाचे नियम दोनच होते. एक म्हणजे निकाल आळीपाळीनं द्यायचा आणि दुसऱ्यानं तो मुकाट ऐकायचा. दुसरा नियम 'वापसी'चा. दिलेला निकाल चुकीचा निघाला, तर तो साध्या माफीनं मागे घेता येणार नाही. सोळा ओळी स्वतः रचायच्या आणि त्या थेट कार्यक्रमात, ज्याच्यावर अन्याय झाला त्याला समोर बसवून म्हणायच्या. सोहेलला अशी वापसी दोन-तीनदा करावी लागली होती आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली होती. धनश्रीवर ती पाळी कधी आली नव्हती. तिला रॅप कळायचं, करता मात्र येत नव्हतं, आणि हे ती कुणापाशी कबूल करत नव्हती.

त्या रविवारी न्यायाधीश धनश्री होती आणि विषय पुण्याच्या 'रावबहाद्दूर' या रॅपरचा. गल्लीतल्या उपासमारीवर गाणी म्हणून नावारूपाला आलेल्या या गृहस्थाच्या निम्म्या ओळी दुसऱ्याच कुणीतरी लिहून दिल्या होत्या, असं 'उगम' नावाच्या पेटीनं उघड केलं होतं.

"मग काय बिघडलं?" सोहेल म्हणाला. "लावणी लिहिणारा एक, म्हणणारी दुसरी. शेकडो वर्षं चाललंय. रॅपला काय सोनं लागून गेलंय?"

"लावणीवाली 'ही माझी जन्मकथा' म्हणून विकत नाही रे. हा विकतो. उपाशी होतो म्हणाला. कधी होता?"

"आणि ते सांगणार कोण? ही पेटी? दम्याच्या पेशंटचं यंत्र ते. कोर्टात कशाला बसवतीस?"

"माणसाला ओळखपाळख असते, नातंगोतं असतं. पेटीला काही नसतं," धनश्री म्हणाली. ते वाक्य तिला स्वतःलाच फार आवडलं.

पेटी टेबलावरच होती. जेवणाच्या डब्याएवढी, वर छोटा पडदा. सोहेल म्हणाला ते खोटं नव्हतं. मूळ शोध फुप्फुसांच्या डॉक्टरांचा. नुसत्या बोलण्यावरून छातीतला आजार आधीच ओळखता यावा, म्हणून माणूस बोलताना श्वास कुठे आणि किती घेतो हे त्यांनी मोजायला घेतलं, आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी निघाली. पुढे कुणाच्या तरी डोक्यात आलं की गाण्याच्या ओळीतही ही तऱ्हा उतरत असणार. माणूस ओळ पुटपुटत रचतो. आपल्या छातीत मावेल एवढीच ती करतो आणि श्वासासाठी आपल्या सवयीच्या जागी फट सोडतो.

आता रॅपमध्ये चोरून लिहून देणारा कधी कागद देत नाही. चाल कागदावर येत नाही ना. तो ओळी स्वतःच्या आवाजात म्हणून पाठवतो आणि घेणारा त्या ऐकून ऐकून घोटतो. शब्दांबरोबर त्यानं सोडलेल्या फटीही पाठ होतात. स्टुडिओत श्वासाचा आवाज कापून टाकतात, पण श्वासाआधीचं अक्षर किंचित आखूड झालेलं असतं आणि नंतरचं किंचित जड. आपल्या कानाला ते जाणवत नाही. उगमला जाणवायचं. पेटी बनवणाऱ्या कंपनीनं हजारो रॅपरांचे झुंजींतले जुने आवाज तिला ऐकवून ठेवले होते, कारण झुंजीत तिथल्या तिथे रचावं लागतं आणि ओळ कुणाची याबद्दल शंका उरत नाही. नवं गाणं घातलं की त्यातला श्वास कुणाच्या श्वासाशी जुळतो ते ती सांगायची. वर्षभरात तिनं आठ-दहा मोठी नावं जमिनीवर आणली होती.

कार्यक्रम संपत आला असताना साताऱ्याहून एकाचा फोन आला. "ताई, पेटीवर एवढा विश्वास आहे तर आपल्या कांडीचं गाणं घाला की. होऊन जाऊ दे."

कांडी म्हणजे समृद्धी ढगे. वय एकवीस. लहानपणी बापाच्या मागावर सूत गुंडाळलेल्या कांड्या भरून द्यायची, म्हणून तेच नाव तिनं घेतलं होतं. 'डबल पाळी' हे तिचं गाणं महिनाभर सगळीकडे वाजत होतं आणि मुंबईच्या एका मोठ्या कंपनीनं तिचा अख्खा अल्बम काढायचं ठरवलं होतं. पोरगी शहराची लाडकी होती. पेटीकडून तिला शाबासकीच मिळणार या खात्रीनं धनश्रीनं गाणं घातलं.

पडद्यावर अक्षरं आली. मूळ रचना : सोहेल मोमीन. खात्री नव्वद टक्क्यांच्या वर.

धनश्रीनं ती मोठ्यानं वाचली, आणि वाचून झाल्यावर तिला त्यांचा अर्थ लागला. ऐकणारे हजारो लोक पुढचं वाक्य ऐकायला टपले होते. ज्या माणसाबरोबर ती बारा वर्षं कलाकारांचा खरेपणा जोखत होती, तो मागच्या दारानं गाणी लिहून देत होता आणि इथे बसून त्याच गाण्यांची तारीफ करत होता, असा त्याचा अर्थ होता. तिचा चेहरा तापला. तासापूर्वी आपण पेटीबद्दल काय बोललो तेही तिला आठवलं, आणि ते लोकांनाही आठवत असणार हेही.

"निकाल," ती म्हणाली. तिचा आवाज तिला परका वाटला. "डबल पाळी या गाण्याचं लेखन दुसऱ्याचं आहे."

सोहेलनं कानांवरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला. माईक चालूच होता.

"मी लिहिल्यालं न्हाई," तो म्हणाला. "पण ते असू दे. त्या डब्याला इचारलंस. मी हितं हाताच्या अंतरावर बसलोय, मला इचारशील असं वाटलं हुतं."

आणि तो जिना उतरून गेला.

*

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या कंपनीनं समृद्धीचा अल्बम थांबवला. उगमवाल्यांचा पक्का अहवाल महिनाअखेर यायचा होता. तो तिच्या विरोधात आला तर करार रद्द, असं तिला कळवण्यात आलं. समाजमाध्यमांवर दोन तट पडले. एकाचं म्हणणं, पोरगी चोर. दुसऱ्याचं म्हणणं, सोहेल चोर आणि पोरगी भोळी. पोरीनं स्वतः लिहिलं असेल असं म्हणणारा तिसरा तट फार लहान होता.

समृद्धीनं एकदाच फोन केला. रडली नाही, भांडलीही नाही. "ताई, गाणं माझंच हाय. सोहेलदादानं मला आजवर एक शब्द दिला न्हाई. उलट मागितला तर हाकललं. पण आता हे मी सांगू तरी कसं? मी म्हणाले तरी माझ्याच तोंडानं म्हणणार, आन् माझ्या तोंडावरच तुमचा इश्वास न्हाई."

पुढचा रविवार धनश्रीनं एकटीनं काढला. श्रोते दुप्पट झाले आणि तिला त्याची शिसारी आली. सोहेल फोन उचलत नव्हता. त्याच्या दुकानावरून ती दोनदा गेली. दोन्ही वेळा तो गिऱ्हाइकापुढे कापड उलगडत होता आणि दोन्ही वेळा त्यानं वर पाहिलं नाही. तिला राग आला होता आणि वाईटही वाटत होतं. या दोन्हींच्या खाली मात्र एक तिसरीच गोष्ट तिला टोचत होती. तिला उत्सुकता लागली होती. सोहेलला ती लहानपणापासून ओळखत होती. तो चिडका होता, आळशी होता, पण त्याला गुपित पोटात ठेवता येत नसे. मग हे कसं ठेवलं?

उलगडा झाला तो भर दुपारी, कॉलेजच्या सुटीत. ती कार्यक्रमाचं संकलन करत बसली होती. पेटी तारेनं जोडलेलीच राहिली होती आणि आवाज जाईल तसतशी ती इमानेइतबारे निकाल देत होती. धनश्रीचं लक्ष सहज पडद्यावर गेलं. तिनंच सकाळी लिहिलेलं, तिनंच बोललेलं कार्यक्रमाचं निवेदन. त्याखाली अक्षरं होती. मूळ रचना : सोहेल मोमीन.

तिनं ते पुन्हा घातलं. पुन्हा तेच.

खिडकीखालून भाजीचा टेंपो चालला होता. भोंग्यातून भाजीवाला ओरडत होता, "मेथी, शेपू, ताजी ताजी... घ्या." तिनं पेटी उचलून खिडकीत धरली. सोहेल मोमीन. मग तिनं फोनमधला आईचा सकाळचा निरोप लावला. "धने, आज हिकडंच जेवायला ये, कटाची आमटी... केलीया." पेटीनं विचार केला आणि सांगितलं, सोहेल मोमीन.

धनश्री एकटीच हसत सुटली, आणि हसता हसता थांबली. वर्गात ती पोरांना जे पहिल्या महिन्यात शिकवायची, ते ती स्वतःच विसरून गेली होती. पेटी बरोबर आली म्हणजे काय, हे ठरवायला ती कुठे चूक येते ते आधी बघावं लागतं. तिनं एकदाही बघितलं नव्हतं. रावबहाद्दूर पडला, तिला आनंद झाला आणि पेटी तिच्या लेखी देवमाणूस ठरली.

तिनं उगमच्या कंपनीतल्या डॉक्टर केळुसकरांना गाठलं. पडद्यावर दिसले ते तरुण निघाले आणि तिला वाटलं होतं तसे तोऱ्यातले नव्हते. तिचे नमुने ऐकून ते खुर्चीत पुढे सरकले.

"तुमच्या भागातले किती आवाज पेटीला माहीत आहेत?" तिनं विचारलं.

त्यांनी शोधलं. "एकच. मोमीन. त्यांच्या जुन्या झुंजी आमच्याकडे आहेत."

"मग त्यांच्यासारखा श्वास घेणारं दुसरं कुणी आलं तर?"

"ती सगळ्यात जवळचं नाव देणार. मोमीन." ते जरा ओशाळले. "'सांगता येत नाही' असं म्हणायला आम्ही तिला शिकवलं नाही, मॅडम. पेटी विकत घेणाऱ्यांना ते उत्तर आवडत नाही. पण मला हे कळत नाही, की अख्खं गाव एकसारखा श्वास कसा घेईल? आपण जन्मतः असा श्वास घेत नाही. कुठेतरी शिकतो."

"कुठे, ते बघून सांगते," ती म्हणाली.

"बघाच. आणि सगळ्यांसमोर करून दाखवलंत, तर पेटीचा निकाल त्याच दिवशी मागे घेतो. लेखी देतो तुम्हाला."

*

शहरातले बहुतेक माग आता बंद डब्यांत चालणारे, स्वतःचे स्वतः धावणारे झाले होते. म्हेत्र्यांच्या घरामागच्या शेडमध्ये मात्र वडिलांनी हट्टानं राखलेले चार जुने माग होते. धनश्री आमटीच्या निमित्तानं गेली आणि थेट शेडच्या दारात उभी राहिली. खडखडाट पायांतून वर चढत होता. लहानपणी या आवाजात तिनं अभ्यास केला होता, झोप काढली होती, मार खाल्ला होता. आज पहिल्यांदा ती त्यात काहीतरी शोधत होती.

आई दोन मागांच्या मधून येत होती. तिनं लांबूनच लेकीला पाहिलं आणि ओरडली. धनश्रीनं आईच्या तोंडाकडे न बघता छातीकडे बघितलं. पहिले तीन-चार शब्द आईनं आवाजात सोडून दिले. ते खडखडाटात विरले. मग ती थांबली, छाती भरून श्वास घेतला आणि शेवटचा शब्द भिरकावला.

"...जेवलीस?"

तो एकच शब्द दारापर्यंत पोचला. बाकीचं वाक्य धनश्रीनं आपोआप जुळवून घेतलं. वडील पलीकडून काहीतरी म्हणाले, तेही तसंच. तुटलेला धागा गाठवत होते, हात थांबले नाहीत, पण शेवटच्या शब्दाआधी खांदे वर गेले. आणि उत्तर देताना धनश्रीच्या लक्षात आलं की तिचेही गेले.

या गावात मागाशेजारी वाढलेलं प्रत्येक पोर असंच बोलायला शिकलं होतं. पुढे ते दुकानात बसलं, कॉलेजात शिकवायला लागलं, टेंपोवर भाजी विकायला लागलं, तरी शेवटच्या शब्दासाठी श्वास राखून ठेवायची खोड गेली नाही. सोहेलच्या झुंजींतला जो शेवटचा शब्द समोरच्याच्या छाताडावर बसायचा, ज्याला धनश्री बारा वर्षं 'सोहेलची खास फेक' म्हणत आली होती, तो मोमीनांच्या मागाच्या शेडमधून आला होता. आणि समृद्धीचा ढग्यांच्या.

"अशी काय बघालीस?" जेवताना आईनं विचारलं.

"तू बोलतीस कशी, ते बघतीय."

"कशी म्हंजे? सगळी बोलत्यात तशीच की."

धनश्रीनं आमटी वाढून घेतली.

*

त्या रविवारी माडीवर समोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीत समृद्धी बसली होती, पाठ ताठ, हात मांडीवर. दुसरी रिकामी होती. सोहेलला निरोप धाडला होता. उत्तर आलं नव्हतं.

धनश्रीनं सुरुवातीला पेटीची गंमत लोकांना ऐकवली. भाजीवाला, वडील, खालचा बेकरीवाला, शेवटी आई. दर वेळी पडद्यावर तेच नाव येत होतं आणि समृद्धी ते वाचून दाखवत होती. कटाच्या आमटीचं काव्यही सोहेल मोमीननं लिहिल्याचं जाहीर झालं, तेव्हा पोरीच्या ओठांचा कोपरा कित्येक दिवसांनी हलला. मग धनश्रीनं मागांचा आवाज ऐकवला, त्यावरून आईची हाक, आणि तो श्वास कुठे पडतो ते समजावून सांगितलं. डॉक्टर केळुसकर बंगळुरूहून ऐकत होते. धनश्री एवढ्यावर थांबली असती तरी पेटीचा निकाल मागे गेला असता.

पण नियम नियम होता. त्या सोळा ओळींसाठी ती चार दिवस घरात पुटपुटत फिरली होती. बारा वर्षं दुसऱ्यांच्या ओळी सोलून काढणाऱ्या बाईला स्वतःची एक ओळ धड जमत नव्हती. तिनं बीट लावली.

"बारा वर्षं माईकपुढं दुसऱ्याच्या चुका काढल्या,
माझ्या मात्र घडी घालून गादीखाली दडवल्या.
यंत्रानं नाव घेतलं, मी मान हलवली,
खरं बोलणारी पोरगी मी खोटी ठरवली.
सोहेल, तुझ्यासंगं वाढले मी एकाच गल्लीत,
तुला नाही विचारलं, मी विचारलं पेटीत.
मागाच्या खडखडाटात आपण बोलायला शिकलो,
शेवटच्या शब्दासाठी श्वास राखून जगलो."

नवव्या ओळीला ती ताल चुकली. दहावी अर्धीच आठवली. उरलेल्या तिनं कशाबशा रेटल्या, बीटच्या मागून धावत, आणि संपल्यावर ती घामानं भिजली होती. बारा वर्षांत या माडीवर इतकं वाईट रॅप कुणी म्हटलं नव्हतं. समृद्धी तिच्याकडे एकटक बघत होती.

"ताई," ती म्हणाली, "आता हेही घालू?"

"घाल."

पोरीनं बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली आणि तिनं ती सावकाश वाचली. "मूळ रचना, सोहेल मोमीन. खात्री नव्वद टक्क्यांच्या वर."

तेवढ्यात फोनचा दिवा लागला. धनश्रीनं तो घेतला.

"कोर्टाला नमस्कार. सोहेल मोमीन बोलतोय," पलीकडचा आवाज म्हणाला. "माझं नाव आलंय म्हणून खुलासा करतोय. हे मी लिहिल्यालं न्हाई. इतकं वंगाळ मी जन्मात कधी लिहिलं... न्हाई."

समृद्धी फसकन हसली.

"कुठे आहेस?" धनश्री म्हणाली. तिनं त्याला काही विचारावं, याचीच तो इतके दिवस वाट बघत होता.

"खाली बेकरीत. जिन्याच्या दाराला आतनं कडी हाय. कवाधरनं उभा हाय मी, कडी... काढ."

'काढ'च्या आधीचा श्वास सगळ्यांनी ऐकला. धनश्रीनं माईक तसाच चालू ठेवला आणि जिन्याकडे गेली. ऐकणाऱ्यांना मग बराच वेळ फक्त तिच्या पावलांचा आवाज येत होता, त्यानंतर कडीचा, आणि माडीवर समृद्धी रिकामी खुर्ची माईकजवळ ओढून घेत होती त्याचा.